टाक आणि वीर : धातूंत ओतलेल्या लोककथा

फाल्गुन वद्य प्रतिपदा, म्हणजे धुळवड. महाराष्ट्रांतील बहुतेक गांवीं या दिवशीं लोक होळीची राख आणि धूळ एकमेकांस लावण्यांत गुंतलेले असतात. नाशकांत मात्र या दिवसाचें मुख्य कार्य निराळेंच असतें. रंग खेळण्यासाठीं नाशिककरांनीं रंगपंचमी राखून ठेवली आहे. धुळवड त्यांनीं वीरांना दिली आहे. दुपार उलटली कीं जुन्या नाशकांतील वाड्यांतून आणि चाळींतून लहान लहान मिरवणुकी बाहेर पडतात. पुढें वाजंत्री, मागें घरचीं माणसें, आणि मध्यें घरांतील एखादा कर्ता पुरुष किंवा नटविलेला मुलगा. त्याच्या हातांत देव्हाऱ्यांतून काढून घेतलेली धातूची एक लहानशी आकृति असते. ती घेऊन सर्व मंडळी गंगेवर जातात. नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतो. तेथें त्या आकृतीस स्नान घालतात, पूजा करतात, आणि वाजत गाजत तिला पुन्हां घरीं आणून देव्हाऱ्यांत ठेवतात.

ही आकृति दोन-तीन इंचांहून क्वचितच मोठी असते. तिची धातु मोडींत घातली तर फारसे पैसे येणार नाहींत. कलेच्या दृष्टीनें पाहणारा परका मनुष्य तिजकडे दुसऱ्यांदा पाहील, असेंही नाहीं. मग एवढ्याशा वस्तूसाठीं घरांतील सर्व माणसांनीं वर्षांतून एकदां उन्हांतून नदीवर जावें, हें कशासाठीं? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, देव्हाऱ्यांतील हे धातूचे तुकडे म्हणजे केवळ पूजेचीं उपकरणें नव्हेत. ज्या काळीं घरोघर लिहिणें-वाचणें नव्हतें, त्या काळीं आपल्या कुळाच्या कथा विसरल्या जाऊं नयेत म्हणून लोकांनीं केलेली ती एक तजवीज आहे.

या आकृतींना टाक म्हणतात. टाक बहुधा रुप्याचा, तांब्याचा किंवा पितळेचा असतो. त्याचा आकार चौकटीसारखा किंवा पानासारखा असून मागची बाजू सपाट आणि पुढें उठावदार मूर्ति असते. कांहीं घरांत टाकांच्या जोडीला किंवा त्यांच्या ऐवजीं पितळेच्या भरीव, स्वतंत्र उभ्या राहणाऱ्या मूर्तीही असतात. योगायोग असा कीं, शाईंत बुडवून लिहावयाच्या लेखणीसही मराठींत टाक हाच शब्द आहे. दोन्ही शब्दांची उत्पत्ति एक असो वा नसो, काम मात्र दोघांचें सारखेंच आहे : सांगायची गोष्ट टिकवून ठेवणें.

टाक वाचण्याची एक रीत आहे. चेहरा पाहून टाक कोणाचा हें ओळखतां येत नाहीं, कारण बहुतेक टाकांवरील चेहरे एकसारखेच असतात. ओळखावयाचें तें खुणांवरून. घोड्यावर बसलेला, हातीं तलवार घेतलेला पुरुष, त्याच्याजवळ स्त्री आणि घोड्याच्या पायांशीं कुत्रा, एवढें दिसलें कीं तो खंडोबा. ती स्त्री म्हाळसा. देवाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगराची कन्या. तीही कांहीं मूर्तींत देवाजवळ दिसते. घोड्याच्या टापांखालीं कोणी पडलेला असेल तर तो दैत्य. मणि आणि मल्ल या दोन दैत्यांशीं देवाचें युद्ध झालें. कथा सांगते कीं, शरण आलेल्या मणीनें देवाच्या सान्निध्यांत जागा मागितली आणि मल्लानें देवाच्या नांवाआधीं आपलें नांव यावें असा वर मागितला. म्हणून देव मल्हारी झाला. मार्गशीर्षांतील चंपाषष्ठीला याच विजयाचा उत्सव होतो. म्हणजे तीन बोटें उंचीच्या त्या पत्र्यावर एक युद्ध, दोन विवाह आणि शत्रूला दिलेला वर, इतकें सर्व मांडलेलें असतें. ज्याला कथा ठाऊक आहे त्याला तें सर्व दिसतें. ज्याला ठाऊक नाहीं त्याला नुसता घोडेस्वार दिसतो.

नाशिक जिल्ह्यांतील घरांत सप्तशृंगीचा टाक पुष्कळ आढळतो. वणीच्या गडावरील देवीची अठरा हातांची प्रचंड मूर्ति डोंगराच्या कड्यांतच कोरलेली आहे. ती तेथून हलावयाची नाहीं. परंतु तिचे अठरा हात एका अंगठ्याएवढ्या जागेंत बसवून कारागिरानें ती भक्ताच्या ओंजळींत दिली. गड चढणें ज्यांना शक्य नाहीं अशा घरांतील वृद्धांस देवीचें दर्शन रोज सकाळीं घडूं लागलें, तें या टाकामुळें.

याखेरीज एका ओळींत उभ्या असलेल्या सात स्त्रिया दिसल्या तर त्या सातीआसरा, म्हणजे डोहांत आणि विहिरींत राहणाऱ्या जलदेवता. लहान मुलाची आकृति असेल तर तो मुंजा. मुंज झाल्यावर आणि लग्न होण्यापूर्वीं जो मुलगा वारला तो पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. कोठें भैरोबा, कोठें वेताळ, कोठें नाग. ही सर्व मंडळी मोठ्या पुराणांत आणि मोठ्या देवळांत फारशी आढळत नाहीं. तीं लोकांच्या कल्पनेनें वसविलेल्या जगांतील माणसें आहेत. या जगांत पाण्याला मालक आहेत, झाडाला रहिवासी आहे, शिवेला राखणदार आहे, आणि मेलेला मनुष्य घर सोडून फार दूर जात नाहीं. आधुनिक शिक्षण घेतलेल्या माणसाला हें जग खरें वाटणार नाहीं. परंतु डोहाच्या खोल पाण्याची भीति, अकालीं गेलेल्या मुलाचें दुःख आणि रात्रीच्या शिवारांतील एकटेपणा या गोष्टी तर खऱ्या होत्या. त्या खऱ्या गोष्टींना लोकांनीं जें रूप दिलें, तें या धातूंत उतरलें आहे.

आतां धुळवडीच्या वीराकडे वळूं. वीर हा देव नव्हे. तो घरांतलाच कोणी पूर्वज. लढाईंत पडलेला, चोरांशीं झुंजतांना मेलेला, किंवा ज्याची कांहीं इच्छा अपुरी राहिली असा. त्याचा टाक करून देव्हाऱ्यांत ठेवावयाचा आणि वर्षांतून एकदां त्याला गंगेचें स्नान घडवावयाचें. महाराष्ट्रांत गांवोगांवीं देवळांच्या आवारांत आणि वेशींपाशीं वीरगळ नांवाच्या कोरीव शिळा उभ्या असलेल्या दिसतात. त्यांच्या खालच्या भागांत वीराची लढाई, मधल्या भागांत अप्सरा त्याला नेत आहेत असा देखावा, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करीत आहे असें दाखविलेलें असतें. वीरगळ ही गांवाची स्मृति होय. वीराचा टाक ही तीच स्मृति, पण एका घराची. शिळा उभारण्याचें सामर्थ्य सर्वांस नसतें. दोन तोळे धातु मिळविणें गरिबालाही जमतें.

नाशकांतील वीरांत सर्वांत प्रसिद्ध आहे तो दाजीबा, ज्याला बाशिंगे वीर असेंही म्हणतात. त्याची कथा अशी सांगतात. दाजीबा हा दिंडोरी तालुक्यांतील जानोरी गांवचा गवळी. खंडोबाचा निस्सीम भक्त. त्याचें लग्न ठरलें, अंगास हळद लागली. परंतु बोहल्यावर चढण्यापूर्वींच वाटेंत त्याच्यावर हल्ला झाला आणि तो मरण पावला. हळदीचें अंग तसेंच राहिलें, बाशिंग तसेंच राहिलें. म्हणून धुळवडीच्या दिवशीं दाजीबाची मिरवणूक निघते ती नवरदेवाच्या थाटांत. जुन्या तांबट गल्लीच्या भागांतून निघून ती गंगेकडे जाते. वाटेंत सुवासिनी ओवाळतात, आणि ज्यांच्या घरीं लग्नाचीं मुलें-मुली आहेत तीं माणसें नवस बोलतात. जें लग्न एकदां व्हावयाचें राहिलें, त्याची वरात शहर दर वर्षीं काढतें. कथेंतील तपशील सांगणाऱ्यागणिक थोडेफार बदलतात, पण हळद आणि बाशिंग या दोन गोष्टी कोणी बदलत नाहीं. लोककथेचें मर्म असें एखाद्या खुणेंत सांठलेलें असतें, आणि ती खूण सांभाळणें हेंच मूर्ति करणाऱ्याचें काम.

ही वरात तांबटांच्या गल्लींतून निघावी हें शोभून दिसतें, कारण तांब्यापितळेचें काम ही नाशिकची जुनी ख्याति आहे. येथील भांडी बाजार आणि सराफ बाजार गंगेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आहेत. यात्रेस आलेला मनुष्य गंगेचें पाणी न्यावयाचें तर त्यासाठीं तांब्या घेणारच. आणि कुळाचारासाठीं टाक हवा असला तर तोही येथेंच. या धंद्यांत कामाची वांटणी ठरलेली असे. तांबट भांडें ठोकून घडवितो. सोनार रुप्याच्या पत्र्यावर उठाव काढतो. आणि धातु वितळवून ओतण्याचें काम ज्याच्याकडे असे तो ओतारी. घंटा, जोडवीं, समयांचे मोर आणि देवांच्या भरीव मूर्ति हीं सर्व ओताऱ्याच्या हातचीं कामें.

टाक करण्याच्या रीति दोन. एक ठशाची आणि दुसरी ओतण्याची. ठशाच्या रीतींत मूर्तीचा उलटा आकार असलेला धातूचा ठसा असतो; त्यावर रुप्याचा पातळ पत्रा ठेवून तो ठोकून बसवितात, मग मागच्या पोकळींत लाख किंवा राळ भरून तांब्याची पाठ लावतात. असा टाक हलका आणि स्वस्त पडतो. परंतु ज्या ठशावर तो बसवावयाचा, तो ठसा आधीं कोणीतरी ओतून आणि कोरून केलेलाच असतो. म्हणजे ठशाच्या मागेंही ओताऱ्याचा हात आहेच.

ओतण्याची रीत अशी. प्रथम मधमाशांच्या मेणांत थोडी राळ मिसळून तें मळून घेतात. त्या मेणाची मूर्ति हातानें घडवितात. घोड्याचा लगाम, तलवार, दागिने यांसाठीं मेणाच्या बारीक वळ्या करून चिकटवितात. मूर्तीला मेणाचीच एक नाळ जोडतात. मग अतिशय बारीक चाळलेल्या मातीचा पातळ लेप मूर्तीवर देतात. तो सावलींत वाळला कीं दुसरा, त्यावर अधिक जाड असा तिसरा. नाळेचें तोंड तेवढें मोकळें ठेवतात. हा मातीचा गोळा तापविला म्हणजे आंतील मेण वितळून वाहून जातें आणि मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. मेण साठ-पासष्ट अंश सेंटिग्रेड उष्णतेलाच वितळतें. पितळेला नऊशें अंशांहून अधिक आंच लागते. मुशींत पितळ रसरसून पातळ झालें म्हणजे तें नाळेवाटे गरम सांच्यांत ओततात. निवाल्यावर माती फोडावयाची, नाळ कापावयाची, आणि कानशीनें व छिन्नीनें मूर्ति साफ करावयाची.

या रीतींत मेणाची मूर्ति जाते आणि मातीचा सांचाही फुटतो. म्हणून तंतोतंत तशीच दुसरी मूर्ति होत नाहीं. शेजारशेजारच्या दोन घरांतील खंडोबा एकाच ओताऱ्यानें केले असले तरी त्यांच्या घोड्यांच्या माना निराळ्या वळतात. हें शास्त्र आपल्या देशांत फार जुनें आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत राज्य करणारा कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथांत मेणाच्या मूर्तीवर मातीचे तीन लेप देऊन धातु ओतण्याची कृति दिलेली आहे. मातींत कोंड्याची राख, बारीक कातरलेला कापूस आणि मीठ घालावयास सांगितलें आहे. धातु किती घ्यावी याचा हिशेबही आहे : मेण आधीं तोलून ठेवावें आणि रुपें घ्यावयाचें तर मेणाच्या बारापट, सोनें घ्यावयाचें तर सोळापट घ्यावें. राजाच्या ग्रंथांतील ही कृति आणि गल्लींतल्या ओताऱ्याची कृति यांत मुळांत भेद नाहीं. एकानें ती संस्कृतांत लिहिली, दुसऱ्यानें ती मुलाच्या हातीं दिली.

या मूर्ति ओबडधोबड दिसतात, अशी तक्रार सुशिक्षित मनुष्य पुष्कळदां करतो. घोड्याचे पाय खांबासारखे, स्वाराचे डोळे वाजवीपेक्षां मोठे, तलवार खांद्याला चिकटलेली, कुत्रा पायांशीं जोडलेला. यांतील पुष्कळशा गोष्टींस कारण आहे. वितळलेला रस अरुंद वाटेंत शिरला तर टोंकाला पोहोंचण्यापूर्वींच थिजतो. म्हणून पाय जाड ठेवावे लागतात. बाहेर सुटी राहिलेली तलवार रोजच्या हाताळण्यांत मोडते. म्हणून ती अंगाशीं टेकवावी लागते. आणि मूर्ति रोज स्नानाच्या वेळीं चोळली जाणार हें ओताऱ्यास ठाऊक असतें. डोळे आरंभीं मोठे केले नाहींत तर नातवाच्या काळीं ते उरावयाचे नाहींत. ओबडधोबडपणांत असा पुढच्या पिढ्यांचा विचार आहे.

धातूंत गोष्ट ओतण्याची ही हौस या प्रदेशांत किती प्राचीन आहे याचा दाखला गोदावरीच्याच खोऱ्यांत सांपडला. प्रवरा नदी पुढें गोदावरीस मिळते. तिच्या कांठीं अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, श्रीरामपूर तालुक्यांत दायमाबाद म्हणून स्थान आहे. १९७४ सालीं तेथें जमिनींत चार भरीव ओतीव वस्तु मिळाल्या : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोग्रॅमहून अधिक. रथ ४५ सेंटिमीटर लांब असून तो हांकणारा पुरुष सुमारें १६ सेंटिमीटर उंच आहे. हत्ती, गेंडा आणि रेडा हे चाकें लावण्याजोग्या बैठकींवर उभे केलेले आहेत. म्हणजे ते ओढून नेण्यासाठीं, कदाचित् मिरवणुकीसाठीं, केलेले असावेत. त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहे; पुष्कळ पंडित ते हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळांतील मानतात. त्या रथाच्या दांड्यावर, बैलांच्या मागें, एक कुत्रा उभा आहे. तो कोणत्या कथेंतला, हें सांगणारें आज कोणी उरलेलें नाहीं. खंडोबाच्या घोड्याखालचा कुत्रा आपल्याला समजतो, कारण कथा सांगणारीं माणसें अजून आहेत. दायमाबादचा कुत्रा धातूच्या रूपानें अखंड टिकला, परंतु त्याची गोष्ट हरवली. या दोन कुत्र्यांमधील अंतर म्हणजेच या विषयाचें मर्म होय.

देवांखेरीज घरांतील साध्या वस्तूंतही ओताऱ्यानें हें कल्पनेचें जग उतरविलें होतें. पाय घासावयाची वज्री घ्या. तिला खडबडीत तळ आणि वर धरावयास मूठ, एवढेंच पुरे होतें; परंतु ती मूठ मोर होई किंवा घोडेस्वार होई. अडकित्त्याच्या दोन दांड्या म्हणजे समोरासमोर आलेलीं स्त्री-पुरुषांचीं जोडपीं किंवा राघू. लामणदिव्याच्या सांखळींत हत्ती, हंस आणि नर्तकी अडकविलेल्या. अशा वस्तु पाहावयाच्या तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जावें. ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनीं खेडोपाडीं, वाड्यांच्या अडगळींत आणि मोडीच्या दुकानांत हिंडून त्या जमविल्या आणि १९७५ सालीं तो सर्व संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. संग्रहालयाच्या नांवांतील ‘राजा’ हें बिरुद नव्हे. तें त्यांच्या बालपणींच वारलेल्या मुलाचें नांव आहे. अकालीं गेलेल्या मुलाची आठवण धातूच्या वस्तूंच्या आश्रयानें जपावयाची, ही गोष्ट मुंजाचा टाक करणाऱ्या खेडवळ बापानें केली आणि एका कवीनेंही केली.

आतां एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. रोजच्या पूजेनें टाक झिजतो. शंभर वर्षांच्या टाकावर नाक-डोळे उरत नाहींत. कित्येकदां घोडा कोठें संपतो आणि स्वार कोठें सुरू होतो हेंही बोटांनींच चांचपावें लागतें. अशा वेळीं टाक उजळण्याची चाल आहे. घरांत लग्नकार्य निघालें किंवा वडिलार्जित देवांची वांटणी व्हावयाची असली, कीं टाक सोनाराकडे नेतात; झिजलेला टाक मोडून त्याच धातूंत भर घालून नवा करवितात किंवा जुना नदींत विसर्जन करतात. रूढीच्या दृष्टीनें यांत गैर कांहीं नाहीं. अंगावरचें वस्त्र जुनें झालें म्हणजे बदलावें, तसें देवानें रूप बदललें. उलट जुन्या वस्तूंची पारख असलेले लोक म्हणतात कीं, प्रत्येक जुना टाक हा इतिहासाचा कागद आहे. तो मुशींत घालणें म्हणजे दप्तर जाळणें. एका बाजूस श्रद्धा आहे आणि दुसऱ्या बाजूस विद्या आहे. दोन्हींचें म्हणणें आपापल्या जागीं सयुक्तिक आहे.

पूर्वीं हा प्रश्न इतका बिकट नव्हता. टाक बदलला तरी आजी बदलत नव्हती. नव्या टाकासमोर नैवेद्य ठेवतांना ती नातवाला सांगे कीं, हा अमक्या पिढींतला, अमक्या गांवच्या वाटेवर गेला, याला पुरणाशिवाय चालत नाहीं. ओतारीही घरचा माहितगार असे. कोणाच्या वीराला घोडा आहे आणि कोणाचा पायीं आहे, हें त्याला विचारावें लागत नसे. म्हणून धातु वितळली तरी गोष्ट वितळत नसे. आज तीन गोष्टी एकदम बदलल्या आहेत. वाड्यांचीं कुटुंबें सदनिकांत विखुरलीं, आणि देव एका भावाकडे तर आठवणी सांगणारी आई दुसऱ्याकडे, असें घडूं लागलें. हातानें मेण घडविणारे कारागीर थोडे राहिले. आणि बाजारांत यंत्राच्या ठशाचे तयार टाक मिळूं लागले. ते चकचकीत आणि रेखीव असतात, पण सर्वांचे एकच. जानोरीच्या वाटेवर पडलेला नवरदेव, रानांत वाघाशीं झुंजलेला गुराखी आणि किल्ल्याच्या दरवाज्यांत कामास आलेला शिपाई या तिघांनाही दुकानदार तीच ढाल आणि तीच तलवार देतो. घरांतील माणसांस फरक ठाऊक नसेल, तर त्या क्षणीं तीन कथा नाहींशा होतात; आणि त्या नाहींशा झाल्याचें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

यावर उपाय महागडा नाहीं. टाक उजळावयास नेण्यापूर्वीं त्याचें दोन्ही बाजूंनीं छायाचित्र घ्यावें, आणि एका वहींत चार ओळी लिहून ठेवाव्यात : टाक कोणाचा, त्याची कथा काय, मूळ गांव कोणतें, तो घरांत कोणाकडून आला आणि त्याच्या खुणा कोणत्या. घरांतील वृद्ध माणूस सांगत असतां ही नोंद मुलाकडून लिहवून घेतली तर दुहेरी काम होईल. नवा टाक करवितांना तयार माल न घेतां जुना नमुना कारागिरापुढें ठेवून त्याबरहुकूम करून मागावा; थोडे पैसे अधिक पडतील, परंतु त्या पैशांत एका विद्येचा सांभाळ होईल. ज्या घरांत पूजा बंद झाली असेल त्या घरानें टाक मोडींत न विकतां, लिहिलेल्या नोंदीसह एखाद्या संग्रहालयाकडे द्यावा. नोंदीवांचून दिलेला टाक म्हणजे दायमाबादचा कुत्रा. तो कांचेच्या कपाटांत पुष्कळ वर्षें सुखरूप राहील, पण कोणाशीं बोलणार नाहीं.

कांहीं सुशिक्षितांस असें वाटतें कीं, हे सर्व भोळे आचार आहेत. ते गेले तर बरेंच झालें. मुंजा पिंपळावर बसतो हें कोणीं मानावें अथवा न मानावें, हा ज्याच्या त्याच्या बुद्धीचा प्रश्न आहे. परंतु कोणे एके काळीं एका घरांतला मुलगा आठव्या-दहाव्या वर्षीं गेला, आणि त्याच्या माणसांनीं पुढें पिढ्यान् पिढ्या त्याला आपल्यांतून उठूं दिलें नाहीं, ही गोष्ट मानण्यास कोणत्याही श्रद्धेची जरूर नाहीं. मोठ्यांचीं चरित्रें लिहावयास बखरकार होते. साध्या माणसांचें चरित्र लिहिलें तें ओताऱ्यानें, आणि तें वाचून दाखविलें घरांतल्या बायांनीं.

धुळवडीच्या संध्याकाळीं गंगेवरची गर्दी हळूहळू ओसरते. ओले टाक पुसून कोरडे करतात आणि माणसें आपापल्या घरीं परततात. वाटेंत एखादें पोर विचारतेंच कीं, हा कोण? त्या वेळीं ज्या घरांत उत्तर तयार असतें, त्या घरचा वीर अजून जिवंत आहे असें समजावें.